बांध कोणाच्या काठावर?

(तृतीय वर्ष कला)

नदीकाठच्या गावांत पुराचे पाणी ओसरले की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली पंचनामा आणि दुसरी बांधाची मागणी. पंचनाम्याचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावर फारसे कोणी बोलत नाही. बांधाच्या मागणीवर मात्र पारावर, दूध डेअरीवर, ग्रामसभेत, इतकेच काय पण यवतच्या बाजारात आणि कॉलेजला येताना एस. टी.मध्येसुद्धा तावातावाने बोलले जाते. "नदीच्या कडेने चांगला उंच बांध घाला, म्हणजे कायमची कटकट मिटेल," असे बहुतेकांचे म्हणणे असते. ते ऐकायला सरळ आणि पटायला सोपे आहे. माझे मत मात्र तसे नाही. नदीच्या काठाकाठाने सलग बांध घालू नये. घालायचाच तर तो गावठाणाभोवती घालावा आणि नदीला तिची जागा मोकळी ठेवावी, असे मला वाटते. आमची दोन एकर मळई नदीला लागून आहे. म्हणजे पूर आला तर पहिले नुकसान आमचेच. तरीही मी हे लिहीत आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने इंजिनियरांच्या विषयात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण पुराचा अर्धा भाग पाण्याचा असतो आणि अर्धा माणसांच्या वागण्याचा. निदान त्या दुसऱ्या अर्ध्यावर बोलायला आपल्याला हरकत नसावी.

ज्या प्राध्यापकांना व मित्रांना आमचा भाग परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. यवतच्या दक्षिणेला भुलेश्वरचा डोंगर आणि उत्तरेला मुळा-मुठा. मधल्या पट्ट्यात सोलापूर रस्ता, रेल्वे आणि खडकवासल्याहून येणारा नवा मुठा उजवा कालवा. मुळा-मुठेच्या पलीकडे राहूचा भाग आणि त्याच्याही पलीकडे भीमा. दोन नद्यांच्या मध्ये सापडलेल्या त्या पट्ट्याला लोक राहू बेट म्हणतात. पुढे वाळकी आणि रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमेचा उजवा काठ आम्हा दौंडकरांचा, डावा शिरूरकरांचा. तिकडे वर तुळापूरला इंद्रायणी भीमेत आलेलीच असते. म्हणजे मावळ, मुळशी, पुणे, खेड, एवढ्या सगळ्या मुलखात पाऊस पडला की ते पाणी शेवटी आमच्या अंगणावरून जाते. पावसाळ्यात आमच्याकडे हवामानाच्या बातमीपेक्षा "बंडगार्डनला किती सोडलंय?" हा प्रश्न जास्त विचारला जातो, तो त्यामुळेच.

आता बांध मागणाऱ्यांची बाजू. ती खोटी नाही आणि ती हसण्यावारी नेणे हा अन्याय होईल. पुरात ऊस आडवा पडतो, काठ खचतो आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली माती एका रात्रीत तुटून जाते. पूर्वी पुराबरोबर गाळ यायचा आणि मळई पिकायची. आता गाळाबरोबर शहरातले प्लॅस्टिक, घाण आणि जलपर्णीचे ढीग येतात. घरी या विषयावर माझा आणि वडिलांचा वाद झाला, तेव्हा अण्णा म्हणाले, "तुला बोलायला काय जातंय? रात्री दोन वाजता मोटार काढायला पाण्यात मी उतरतो." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्याने छातीभर पाण्यात उभे राहून अंधारात मोटारीचे नट सोडवले आहेत, त्याला बांध हवासा वाटणारच. माझा प्रश्न एवढाच आहे की बांधाने अण्णांचे पाण्यात उतरणे खरोखर थांबेल का? आणि थांबले, तर त्यांच्याऐवजी कोणाला उतरावे लागेल?

शेतात दारे धरणाऱ्या कोणालाही हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. पाट भरून वाहत असताना एका वाफ्याचे तोंड बंद केले तर पाणी आटत नाही. ते पुढच्या वाफ्यात जोराने घुसते, नाही तर पाटाची कड फोडते. नदीचेही तसेच आहे. पुराच्या वेळी नदी दोन्ही अंगांना पसरते, पसरल्यामुळे तिची उंची आणि वेग कमी होतो. दोन्हीकडून बांध घालून तिला आवळले की तेच पाणी अधिक उंच चढते आणि अधिक वेगाने खाली धावते. एकाच बाजूला बांध घातला तर ते समोरच्या काठावर लोटले जाते. आमच्या तालुक्याने भीमेच्या उजव्या काठावर बांध घातला तर शिरूरच्या बाजूचा शेतकरी तो पाहत स्वस्थ बसेल काय? तोही बांध मागेल आणि आपल्यापेक्षा दोन फूट उंच मागेल. मग आपण आणखी उंच करू. या चढाओढीत ठेकेदार सोडून कोणाचे भले होईल, हे ज्याचे त्याने ठरवावे. समोरच्या काठावर आपल्या लेकी दिलेल्या आहेत आणि तिकडच्या लेकी सुना म्हणून आपल्याकडे आलेल्या आहेत. सोयऱ्याच्या दारात पाणी लोटून आपले अंगण कोरडे ठेवणे हा काही पराक्रम नव्हे.

हीच गोष्ट वरच्या अंगालाही लागू आहे. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीवर नदीकाठ सुधारणेचा प्रकल्प हाती घेण्यात आला. मार्च २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. काठावर भराव, भिंती, फिरायला रस्ते, बागा असे त्याचे स्वरूप आहे. नदीतले अडथळे काढल्यामुळे पुराची पातळी वाढणार नाही, असे प्रकल्पाचे कर्ते सांगतात. पात्र आकसून पूर वाढेल, असे विरोधक सांगतात. हा वाद पुण्याच्या वर्तमानपत्रांत पुष्कळ रंगला, पण त्यात एक प्रश्न क्वचितच ऐकू आला. जे पाणी उद्या पुण्यात पसरणार नाही, ते कुठे पसरेल? लोणी, थेऊर, उरुळी, राहू, पारगाव ही नावे त्या नकाशाच्या कडेबाहेर आहेत. नदी मात्र नकाशाच्या कडेला थांबत नाही.

शहराला पूर नवा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुणे बुडाले. आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही जुन्या गोष्टींची मोजदाद "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतनंतर" अशी करतात. तो धरणफुटीचा पूर होता. पण २५ जुलै २०२४ रोजी कोणतेही धरण फुटले नव्हते. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे लोकांच्या घरात पाणी शिरले. मुठेची निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, ६० हजार क्युसेकला धरली जाते. त्याहून कितीतरी कमी पाण्यात घरे बुडाली, याचा अर्थ नदी मोठी झाली नाही, तिचे पात्र लहान झाले. वरची तीन धरणे मोठी असली तरी साखळीतले शेवटचे खडकवासला जेमतेम २ टीएमसीचे आहे. ते भरायला वेळ लागत नाही आणि भरले की येईल ते पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. तेव्हा धरणे आहेत म्हणून पूर येणार नाही, ही समजूतही आपण सोडून दिली पाहिजे.

बांधांचा मोठा प्रयोग आपल्या देशात एकदा होऊन गेलेला आहे. १९५० नंतरच्या काळात बिहारमध्ये कोसी आणि इतर नद्यांना बांध घालायला सुरुवात झाली. त्या आधी तिथे सुमारे १६० किलोमीटर बांध होते, पुढे ते ३,४०० किलोमीटरांच्या वर गेले. या काळात पुराचा धोका असलेले क्षेत्र कमी व्हायला हवे होते. ते २५ लाख हेक्टरांवरून सुमारे ६८ लाख हेक्टरांवर गेले! याचे कारण विचित्र असले तरी समजण्याजोगे आहे. पूर पसरला की गाळही शेतांवर पसरतो. बांधामुळे तो गाळ दोन बांधांच्या मध्येच साचत गेला, नदीचे तळ वर आले आणि काही ठिकाणी नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागली. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे कोसीचा बांध फुटला. बांधाची रचना साडेनऊ लाख क्युसेकसाठी होती. फुटला त्या दिवशी नदीत दोन लाखसुद्धा नव्हते. बिहारमधल्या तीस लाखांहून अधिक लोकांना त्या पुराचा फटका बसला आणि त्यांत कित्येक गावे अशी होती, की जिथे पूर येतो हेच लोक विसरून गेले होते.

बांधाचा सर्वांत मोठा धोका मला हाच वाटतो. तो पाणी अडवतो त्याआधी माणसाची भीती मारतो. उघड्या नदीकाठी राहणारा माणूस पाण्याचा रंग बदलला की सावध होतो. बांधामागे राहणारा निर्धास्त झोपतो, तिथे घर बांधतो, गोठा बांधतो, प्लॉट पाडून विकतो. मग ज्या दिवशी बांध फुटतो त्या दिवशी पूर्वी जिथे शेत बुडाले असते तिथे वस्ती बुडते.

आणि बांध फुटतो का? मातीचे कोणतेही बांधकाम राखणीवर टिकते. ज्याच्या पाण्यावर आमची शेती पिकते त्या मुठा उजव्या कालव्याची भिंत २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात जनता वसाहत आणि दांडेकर पुलाच्या भागात भर दिवसा फुटली आणि गोरगरिबांचे संसार वाहून गेले. त्या वेळी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरली असे सांगण्यात आले, तेव्हा लोक हसले. ज्याने शेताचा बांध एकदा तरी लिंपला आहे तो यात हसणार नाही. घूस ही फार मोठी इंजिनियर आहे. त्यातून आमची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीचा मैलोन्‌मैल बांध दर वर्षी कोण तपासणार, कोण बुजवणार? बांध घालायला निधी मिळतो, उद्घाटनाला नारळ मिळतो. राखणीला ना निधी मिळतो ना नारळ.

आणखी एक गोष्ट बांधाच्या चर्चेत हमखास विसरली जाते. आमच्याकडे पाणी दर वेळी नदीकडूनच येते असे नाही. भुलेश्वरच्या डोंगराकडून निघालेले ओढे उत्तरेला उतरून मुळा-मुठेला मिळतात. परतीच्या पावसात हे कोरडे ओढे तासाभरात अंगावर येतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला तो नदीच्या पुराने नव्हता. १४ ऑक्टोबर २०२० रोजी आमच्याच तालुक्यात खानोट्याजवळ ओढ्याच्या पाण्यात माणसे वाहून गेली. मे २०२५ मध्ये, मृग नक्षत्रही लागायच्या आधी, दौंड, बारामती, इंदापुरात असा पाऊस झाला की बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. आता नदीकाठी उंच बांध घातला तर डोंगराकडून आलेले हे पाणी नदीत जाणार कसे? बांधाला दारे ठेवतील, असे सांगतात. पण नदीला पूर असताना दार उघडले तर नदी आत येणार आणि बंद ठेवले तर ओढा आत तुंबणार. म्हणजे पुढून वाचण्यासाठी बांधलेली भिंत मागून बुडवणार.

मग काय करावे? नुसते "नको, नको" म्हणणे सोपे असते, तेव्हा मला सुचते ते मांडते.

पहिली गोष्ट आपल्या पूर्वजांकडून शिकण्यासारखी आहे. आपल्या भाषेत गावासाठी पांढरी आणि शेतीसाठी काळी असे दोन शब्द आहेत. पांढरी उंचावर, काळी खाली. नदीला काळीवर येण्याची मुभा होती, पांढरीवर नव्हती. हा करार गेल्या काही दशकांत आपणच मोडला आणि घरे खाली उतरवली. तेव्हा ज्या गावठाणांना खरोखर धोका आहे त्यांच्याभोवती पक्की भिंत घालावी, शाळा, दवाखाना आणि जनावरांसाठी उंच जागा करावी. एवढ्यापुरता मी बांधाच्या बाजूने आहे. हॉलंडसारखा देश, ज्याचे अस्तित्वच बांधांवर उभे आहे, तोही याच वाटेने आला. १९९५ च्या पुरात तिथे सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध आणखी उंच करण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा मोकळी करून दिली. एका ठिकाणी तर शेतकऱ्यांनीच योजना मांडली की आम्ही घरे आणि गोठे उंच टेकाडांवर बांधतो, पुराच्या वेळी शेते नदीला वापरू द्या. हे वाचताना मला आमच्या पांढरीची आठवण झाली.

दुसरी गोष्ट, निळी आणि लाल पूररेषा शहराच्या नकाशावरच न राहता आमच्या गावांतही दगड रोवून दाखवावी. बिघे दोन बिघे विकत घेऊन घर बांधणाऱ्या माणसाला आपण नदीच्या अंगणात बांधतो आहोत की आपल्या, हे डोळ्यांनी दिसले पाहिजे.

तिसरी गोष्ट खर्चाची नाही, शिस्तीची आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे पावसाळ्याआधी वेळेवर निघाले पाहिजेत. ते राहिले की जलपर्णी अडकते आणि नसलेला बांध आपोआप उभा राहतो. ओढ्यांची तोंडे मोकळी राहिली पाहिजेत. आणि वरून पाणी सोडण्याआधी सूचना अशा वेळेला मिळाली पाहिजे की मोटारी दिवसाउजेडी काढता येतील. अण्णांना रात्री दोन वाजता पाण्यात उतरावे लागते याचे कारण बांध नाही हे नसून, त्यांना संध्याकाळी सहा वाजता कोणी सांगत नाही हे आहे. एका वेळेवर आलेल्या फोनचे काम मैलभर बांधही करू शकत नाही.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे. आमची शेते पुराचे पाणी झेलतात म्हणून खालची आणि वरची माणसे वाचतात. हे झेलणे म्हणजे एक सेवा आहे आणि सेवेचे मोल असते. नुकसान झाल्यावर हात पसरायला लावणारी मदत मी म्हणत नाही. जी जमीन नदीसाठी मोकळी ठेवायची तिच्या मालकाला दर वर्षी ठरलेली रक्कम मिळावी, पूर येवो अगर न येवो. त्याने तिथे ऊस लावावा की घास, हे त्याने ठरवावे. हे आधी ठरवून, कागदावर करून घेतले पाहिजे. कारण नंतरच्या आश्वासनांचे काय होते याचा दाखला अमेरिकेत आहे. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला तेव्हा न्यू ऑर्लिन्स शहर वाचवण्यासाठी २९ एप्रिल रोजी खालच्या बाजूचा बांध सुरुंग लावून उडवण्यात आला आणि दोन ग्रामीण परगण्यांत पाणी सोडण्यात आले. तिथल्या लोकांना भरपाईचे वचन देण्यात आले होते. त्यांच्या पदरात पडले ते फारच थोडे. पुढे असेही दिसून आले की वरच्या बाजूला बांध आपोआप फुटल्यामुळे तो सुरुंग लावण्याची गरजच नव्हती!

आणि शेवटची गोष्ट. बांधाचा निर्णय एका काठाच्या ग्रामसभेने घेऊ नये. नदीचे दोन्ही काठ, वरचे गाव आणि खालचे गाव, दौंड आणि शिरूर, यांनी एकत्र बसून तो घ्यावा आणि पुण्याच्या माणसानेही त्या सतरंजीवर येऊन बसावे. गावाच्या सीमेवरून आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो. नदीला सीमा माहीत नाही, हे तिने आपल्याला दर पावसाळ्यात सांगून पाहिले आहे.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, तलाठी होतील, ग्रामसेवक होतील, कोणी पंचायत समितीतही जातील. तेव्हा कोणी तरी बांधाच्या मागणीचा कागद तुमच्या पुढे ठेवील. त्यावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा, "हे पाणी इथे येणार नाही, तर कोणाकडे जाणार?" उत्तर देणाऱ्याने समोरच्या काठाकडे बोट दाखवले, तर आधी पलीकडे जाऊन त्या माणसाला विचारा. सही नंतर करता येईल.